शोधा आणि बदला

घरात गव्हाचे पोते आले की ते आधी चाळले जाते आणि मग सुपात घेऊन निवडले जाते. चाळणीतून माती, कोंडा, बारीक दाणा घटकाभरात खाली पडतो. परंतु गव्हाच्याच आकाराचा खडा गव्हाबरोबर चाळणीतच राहतो. तो डोळ्यांनी हेरून बोटांनी उचलावा लागतो. चाळणीला आकार तेवढा कळतो. दाणा कोणता आणि खडा कोणता, हे तिला कळत नाही. म्हणून जाणती गृहिणी चाळणीला नावे ठेवीत नाही आणि नुसते चाळलेले धान्य गिरणीतही पाठवीत नाही.

संगणकावरचा मजकूर स्वच्छ करण्याचे कामही याच दोन पायऱ्यांनी करावे लागते. इंदूरच्या एका जुन्या वस्तीत अक्षरजुळणी करणाऱ्या एका स्त्रीला हे एका वहीने शिकविले.

होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यामुळे लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांचे अहवाल अशी मराठी कामे तिच्याकडे अधूनमधून येत. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती. पुढे टंकलेखन शिकून तिने घराच्या ओसरीवर एक संगणक मांडला आणि त्यावर संसाराला हातभार लावला. पस्तिशी ओलांडल्यावर तिने मुक्त विद्यालयात दहावीसाठी नाव घातले. संगणकाशेजारी आता मराठीचे पाठ्यपुस्तकही उघडे असे. मात्र त्यातले शुद्धलेखनाचे नियम तिच्या लेखी चार गुणांच्या प्रश्नापुरतेच होते.

एके दिवशी ओळखीचे एक गृहस्थ एक जुनी वही घेऊन आले. त्यांच्या आजोबांनी १९५० सालाच्या सुमारास त्या वहीत आपल्या बालपणीच्या आठवणी लिहिल्या होत्या. आजोबा मूळचे खानदेशातल्या एका खेड्याचे. नोकरीच्या निमित्ताने माळव्यात येऊन स्थायिक झालेले. तिघा नातवंडांनी वही आपसांत वाटून घेऊन संगणकावर उतरवून काढली होती. आता तिचे शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक करून ते कुटुंबाच्या मेळाव्यात वाटायचे होते. लेखन हल्लीच्या नियमांप्रमाणे हवे होते. हाताशी दिवस आठ होते आणि मोबदला पानाच्या हिशेबाने ठरला.

मजकूर उघडताच तिघांचे तीन हात दिसू लागले. एकाने दोन शब्दांमध्ये कुठे दोन, कुठे चार जागा सोडल्या होत्या. दुसऱ्याने वहीतली ओळ जिथे संपली तिथे प्रत्येक वेळी एंटरची कळ दाबली होती, त्यामुळे परिच्छेदांचे तुकडे तुकडे झाले होते. तिसऱ्याला विसर्गाची कळ सापडली नव्हती. त्याने ‘दुःख’ या शब्दात विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टाकून काम भागवले होते. हाताने एकेक चूक दुरुस्त करायची तर आठ दिवस त्यातच गेले असते.

अशा वेळी लेखनाच्या प्रणालीतील ‘शोधा आणि बदला’ ही सोय उपयोगी पडते. एका चौकटीत जुना शब्द लिहावा, दुसरीत नवा लिहावा आणि कळ दाबावी, एवढा तिचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. पण या सोयीला याहून मोठी शक्ती आहे. तिला नेमका शब्द न सांगता शब्दाचा नमुना सांगता येतो. ‘५’ शोध असे न सांगता ‘कोणताही अंक शोध’ असे सांगता येते. त्यासाठी चौकटी कंसात [०-९] अशी खूण करावी लागते. ‘एक किंवा अधिक रिकाम्या जागा’, ‘शब्दाचा आरंभ’, ‘शब्दाचा शेवट’ यांच्याही खुणा असतात. सापडलेल्या मजकुराचा काही भाग साध्या कंसात धरून ठेवला, तर बदलताना तो जसाच्या तसा परत मांडता येतो. प्रणालीप्रमाणे या खुणा थोड्याफार बदलतात, परंतु त्यांमागची कल्पना एकच असते.

या कल्पनेचे गणित अमेरिकी गणिती स्टीफन क्लीनी यांनी मांडले. मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रारूप अभ्यासताना १९५१ साली त्यांनी ते लिहिले आणि १९५६ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याचा लेखनाशी काही संबंध असेल, असे कोणाला वाटले नसावे. पुढे १९६८ साली केन थॉम्प्सन यांनी अशा नमुन्यांच्या साहाय्याने संगणकाला मजकुरात शोध कसा घेता येईल, हे दाखवून दिले. आज घरोघरच्या संगणकांत असलेली ही सोय त्याच वाटेने आली आहे. भारतीय वाचकाला मात्र ही रीत अगदीच परकी वाटू नये. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाणिनीने अष्टाध्यायीत सर्व स्वरांना मिळून ‘अच्’ आणि सर्व व्यंजनांना मिळून ‘हल्’ अशी आटोपशीर नावे वापरली. अमुक वर्णापुढे अमुक गटातला वर्ण आला तर त्याच्या जागी तमुक वर्ण येतो, अशा धर्तीचे नियम त्याने सांगितले. आणि नियमांइतक्याच काळजीने त्याने अपवादही नोंदवले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

तिने प्रथम मूळ मजकुराची एक प्रत वेगळी ठेवली. मग तुटलेल्या ओळी जोडायला घेतल्या. सगळ्याच एंटरखुणा काढल्या तर खरे परिच्छेदही एकमेकांत मिसळले असते. म्हणून एक युक्ती करावी लागली. खऱ्या परिच्छेदाच्या शेवटी लागोपाठ दोन खुणा होत्या. त्या जोडीच्या जागी तिने आधी तीन फुल्या घातल्या, कारण मजकुरात फुल्या इतरत्र कोठेच नव्हत्या. मग उरलेल्या एकेकट्या खुणांच्या जागी रिकामी जागा आणि शेवटी फुल्यांच्या जागी पुन्हा परिच्छेदाची खूण. क्रम चुकला असता तर तीच युक्ती अंगाशी आली असती. तरीही एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. आजोबांनी आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या आणि त्यांच्याही ओळी आता गद्यासारख्या एकापुढे एक धावत होत्या. तिने बदल मागे घेतला, ओव्यांची पाने बाजूला काढली आणि उरलेल्या मजकुरावर तीच कृती पुन्हा केली.

त्यानंतर जास्तीच्या रिकाम्या जागा एका कळीसरशी नाहीशा झाल्या. विसर्गासाठी तिने नमुना केला : मागे देवनागरी वर्ण, मध्ये अपूर्णविराम आणि पुढे लगेच देवनागरी वर्ण असेल, तर मधल्या चिन्हाचा विसर्ग करावा. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘प्रातःकाल’ हे शब्द क्षणात नीट झाले. पण ‘सकाळी १०:३०’ या वेळेच्याही मध्ये विसर्ग येऊन बसला. संगणकाच्या युनिकोड या वर्णतक्त्यात देवनागरी अंक देवनागरी अक्षरांच्याच विभागात आहेत. तिने तो सारा विभाग नमुन्यात धरला होता. अंक वगळून नमुना सुधारला, तेव्हा वेळ पुन्हा जागेवर आली.

आणखी एक नवल तिला दिसले. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर तो निम्म्याच ठिकाणी सापडे. पडद्यावर सर्व ठिकाणी तो सारखाच दिसत होता. पण त्यातला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि संगणक आतून त्या दोन तऱ्हांचे वेगवेगळे हिशेब ठेवतो. माणसाच्या डोळ्याला जे एक, ते यंत्राला दोन. तिने दोन्ही तऱ्हा एक करून घेतल्या आणि पुढे गेली.

तीन दिवसांत इतके काम उरकल्याने हात थोडा सैल सुटला. आता राहिले होते अनुस्वार. आजोबांचे लेखन जुन्या वळणाचे. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मुलें’, ‘नांव’, ‘पांच’ असे अनुस्वार पानोपानी विखुरलेले. यांतले बरेच अनुस्वार शब्दांच्या पूर्वेतिहासाची खूण म्हणून लिहिले जात. उच्चारात ते उरले नव्हते. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि असे अनुस्वार लेखनातून गेले. तेव्हा ते काढून टाकायचे, एवढेच काम उरले आहे असे तिला वाटले. तिने पहिल्या चौकटीत अनुस्वार लिहिला, दुसरी चौकट रिकामी ठेवली आणि ‘सर्व बदला’ ही कळ दाबली.

डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम झाले. मग तिने पहिले पान वाचले. अंगणातल्या आंब्याचा ‘आबा’ झाला होता. संतांचे ‘सत’ झाले होते आणि गंगेची ‘गगा’. ‘वडिलांनी’ हा शब्द ‘वडिलानी’ असा उघडाबोडका उभा होता. तो पाहून ती थबकली. शेजारच्या पाठ्यपुस्तकात नियम होताच : अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा आणि आदरार्थी बहुवचनातही तो द्यावा. चार गुणांसाठी पाठ केलेल्या त्या नियमाचा अर्थ आता तिच्यासमोर पडद्यावर होता. वडील एकच, पण त्यांच्या नावावर अनेकवचन चढते ते आदरापोटी. आणि त्या आदराची लेखनातली खूण म्हणजे ते एवढेसे टिंब. ते पुसले गेले की बोलणाऱ्याचा सूरच बदलतो.

तिने बदल मागे घेतला. या खेपेला ती सावकाश निघाली. शब्दाच्या अखेरीस अनुस्वार असेल आणि पुढे रिकामी जागा किंवा विरामचिन्ह असेल, तरच तो काढायचा. ‘स्वयं’ आणि ‘एवं’ यांना हात लावायचा नाही. ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले, ‘मुलें’चे ‘मुले’ झाले. शब्दाच्या पोटातल्या अनुस्वारांसाठी तिने यादी केली : ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांच’. यादी चालवण्याआधी ती आता प्रत्येक शब्द किती ठिकाणी आणि कोणत्या ओळींत येतो, हे पाहून घेऊ लागली होती. ते बरे झाले. आजोबांनी गावच्या देवळातल्या कीर्तनांचे वर्णन केले होते. ‘पांच’चे सरसकट ‘पाच’ केले असते तर द्रौपदीची ‘पाचाली’ झाली असती. आणि ‘कांच’ची ‘काच’ करताना सीतेला मोह घालणारा कांचनमृग सोन्याऐवजी काचेचा झाला असता!

शेवटी एक गट उरला. ‘घरांत’, ‘गावांत’, ‘शेतांत’ अशा शब्दांचा. जुन्या रीतीत एक घर असले तरी ‘घरांत’ लिहीत आणि अनेक घरे असली तरी ‘घरांत’च लिहीत. आजच्या रीतीत एका घरासाठी ‘घरात’ आणि अनेक घरांसाठी ‘घरांत’. म्हणजे या गटातले काही अनुस्वार जायला हवेत आणि काही राहायला हवेत. कोणते जावेत आणि कोणते राहावेत, हे शब्दाच्या आकारात कोठेच लिहिलेले नाही. नमुन्याने शोध घेतला तर चारशेच्या वर जागा सापडल्या. त्यांत ‘शांत’, ‘प्रांत’, ‘एकांत’ हे शब्दही आले. त्यांचा तर या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. ‘सर्व बदला’ ही कळ येथे कामाची नव्हती. तिने एकेक जागा काढून वाचायला सुरुवात केली.

पुष्कळ ठिकाणी उत्तर जवळच असे. ‘माझ्या खिशांत’ म्हणजे एकच खिसा, ‘चारी दिशांत’ म्हणजे चार दिशा. दुपारपर्यंत निम्मी यादी संपली. मग १९१८ सालचे प्रकरण आले.

त्या वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईमार्गे हिंदुस्थानात शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिने उग्र रूप धारण केले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. आजोबा त्या वेळी आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांच्या आळीत समोरच त्यांच्या सवंगड्याचे घर होते. सवंगडी गेला, मग त्याची आई, मग घरातले उरलेलेही. हे सगळे आजोबांनी मोजक्या शब्दांत लिहिले होते आणि परिच्छेदाच्या अखेरीस एकच ओळ होती : त्या रात्रीं त्या घरांत दिवा लागला नाहीं.

‘रात्रीं’ आणि ‘नाहीं’ नमुन्याने केव्हाच नीट केले होते. राहिले होते ‘घरांत’. गोष्ट सवंगड्याच्या घराची होती, तेव्हा घर एकच. तिने अनुस्वार काढला. पण ‘त्या’ हा शब्द एका घरालाही चालतो आणि अनेक घरांनाही चालतो, हे तिच्या मनात घोळत राहिले. तिने यादी तशीच सोडली आणि मजकूर पुढे वाचू लागली. नमुना शोधणाऱ्याला दोन पाने पुढे पाहावे लागत नाही. वाचणाऱ्याला पाहावे लागते. दोन पानांनंतर आजोबांनी सहज लिहावे तसे लिहिले होते, की पुढच्या पावसाळ्यांत त्या तिन्ही घरांच्या भिंती खचल्या.

तिन्ही घरांच्या! याच वाक्यातल्या ‘पावसाळ्यांत’वरचा अनुस्वार जायला हवा होता, कारण पुढचा पावसाळा एकच. पण आधीच्या ओळीतला राहायलाच हवा होता. त्या रात्री दिवा लागला नाही तो एका घरात नव्हे, तीन घरांत. लहान मुलाने उंबऱ्यात उभे राहून समोरच्या अंधाराकडे पाहिले, तेव्हा त्याला तीन दारे दिसली होती. बाकीच्या दोन घरांची हकीकत त्याने मोठेपणीही लिहिली नाही. ती दोन घरे त्या एका टिंबापुरतीच वहीत उरली होती. तिने दोन पाने मागे जाऊन काढलेला अनुस्वार पुन्हा दिला.

संध्याकाळी ते गृहस्थ चौकशीला आले. काम अजून दोन दिवस लांबेल असे तिने सांगितले आणि कारणही सांगितले.

“ताई, एका टिंबाने काय अडते? पुस्तक घरातलेच तर लोक वाचणार,” ते म्हणाले.

“काका, ही ओळ वाचा आणि मग ही वाचा,” असे म्हणून तिने दोन्ही पाने त्यांच्यापुढे ठेवली.

ते वाचत राहिले. वही त्यांच्या घरात इतकी वर्षे होती, तरी त्या दोन ओळी त्यांनी कधी एकापुढे एक ठेवून वाचल्या नव्हत्या. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “आणखी दोन दिवस घ्या. पण सगळे असेच वाचून काढा.”

तिने सगळे वाचून काढले. चारशेहून अधिक जागांपैकी बहुतेकांवर तिला क्षणभरही थांबावे लागले नाही. आठ-दहा जागांवर मात्र तिला पाने मागे-पुढे चाळावी लागली आणि दोन जागांवर वहीतले मूळ अक्षर भिंगाखाली धरून पाहावे लागले. पानाच्या हिशेबात हे दोन दिवस कोठेच मोजले जाणार नव्हते. पण नमुन्यांनी पहिले तीन दिवस इतके झपाट्याने काम केले होते, म्हणूनच हे दोन दिवस तिच्या हाती शिल्लक राहिले होते. चाळणीने वेळ वाचवला आणि तो वेळ निवडण्याच्या कामी आला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी पुस्तके बांधून तयार झाली. त्यांतले एक गृहस्थांनी तिला दिले. ते तिने संगणकाशेजारी, पाठ्यपुस्तकाला लागून ठेवले.

आपल्या कामाच्या टिपणवहीत तिने या खेपेचे सारे नमुने एकाखाली एक उतरवून ठेवले. जास्तीच्या जागा, तुटलेल्या ओळी, विसर्ग, अर्धा ‘र’, शब्दान्तीचे अनुस्वार. प्रत्येकापुढे कोणत्या खुणा वापरायच्या आणि काय वगळायचे, तेही नोंदवले. पुढच्या कामात यांतले बरेच जसेच्या तसे उपयोगी पडणार होते. सर्वांत शेवटी तिने ‘घरांत’ हा शब्द लिहिला आणि त्याच्यापुढे, खुणांच्या जागी, दोनच शब्द लिहिले : वाचून ठरवावे.